तापाचा रकाना

अमेरिकन विमा कंपन्यांच्या डेटावर काम करणाऱ्या कुणालाही एक तारीख झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. १ ऑक्टोबर २०१५. त्या दिवशी तिकडच्या सगळ्या हॉस्पिटलांनी, डॉक्टरांनी आणि विमा कंपन्यांनी रोगांचे कोड बदलले. आदल्या रात्रीपर्यंत आयसीडी-९, सकाळपासून आयसीडी-१०. एखाद्या आजाराचा आधीच्या आणि नंतरच्या वर्षांचा एकत्र ग्राफ काढा, या तारखेला रेघ बऱ्याचदा टुणकन उडी मारते नाहीतर धाडकन खाली पडते. टीममध्ये नवीन आलेला प्रत्येक जण हा ग्राफ पहिल्यांदा बघतो तेव्हा एकच प्रश्न विचारतो, "अरे, त्या महिन्यात तिकडे झालं काय होतं?" काहीच झालं नव्हतं. माणसं तीच, आजार तेच, डॉक्टरही तेच. व्हर्जन बदललं होतं.

तर मंडळी, या शनिवारचा लेख या व्हर्जन बदलण्याच्या इतिहासाबद्दल आहे. सुरुवात परदेशातून आहे, पण गाडी लवकरच मांडवी, धोबीतलाव करत आमच्या नाहूरपर्यंत येणार आहे. विषय जरा मरणाचा आहे, तेव्हा चहा आधी पिऊन घ्या :)

आयसीडी म्हणजे 'इंटरनॅशनल क्लासिफिकेशन ऑफ डिसीजेस'. प्रत्येक आजाराला, दुखापतीला आणि मृत्यूच्या कारणाला एक ठरलेला कोड. यादी जागतिक आरोग्य संघटना सांभाळते. मुलुंड-ठाणे-ऐरोली पट्ट्यात राहणाऱ्यांच्या ओळखीत 'मेडिकल कोडिंग' करणारं कुणी ना कुणी असतंच. नातेवाईकांना वाटतं की हा मुलगा हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर लिहितो. प्रत्यक्षात तो अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहिलेले कागद वाचून त्यातल्या आजारांना कोड लावत असतो, कारण कोड नाही तर तिकडे बिलाचे पैसे नाहीत. २०१५ मध्ये या लोकांच्या यादीतले रोगनिदानाचे कोड साधारण चौदा हजारांवरून जवळजवळ सत्तर हजारांवर गेले. उजवा हात मोडला की डावा, पहिल्यांदा दाखवायला आलाय की पुन्हा, सगळ्याला वेगळा कोड. बदकाने मारलं तर त्याला कोड आहे. विमानाच्या इंजिनात खेचला गेलेला माणूस दुसऱ्यांदा तपासणीला आला तर त्यालाही कोड आहे (तो दुसऱ्यांदा येतो कसा, हे विचारायचं नाही).

हे विनोद तेव्हा जगभर फिरले. पण आकडा वाढणं हा या गोष्टीतला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे असं माझं मत. चौदा हजारांचे सत्तर हजार झाले तर मॅपिंग टेबल बनवता येतं. एकाचे पाच होतात, कटकट होते, पण काम होतं. खरी गंमत वेगळीकडे आहे. कारण कुणाला विचारलं, उत्तराला पर्याय कोणते दिले, आणि दोन-तीन कारणं असतील तर त्यातलं एक कसं निवडलं. या तीन गोष्टी बदलल्या की ग्राफ हलतो, आणि त्याला कुठलंही मॅपिंग टेबल पुरत नाही.

आता थोडं मागे जाऊ. १८५३ साली ब्रसेल्सला युरोपातले आकडेवारीवाले जमले आणि त्यांनी ठरवलं की मृत्यूच्या कारणांची सगळ्या देशांना चालेल अशी एकच यादी हवी. काम दोघांना दिलं, लंडनचे विल्यम फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पीन. फार यांचं म्हणणं, साथीचे रोग वेगळे काढा आणि बाकीचे बरेचसे शरीराच्या कुठल्या भागात होतात त्यावरून लावा. देस्पीन यांचं म्हणणं, रोगाचा स्वभाव काय त्यावरून लावा. दोघांनी दोन याद्या आणल्या. १८५५ मध्ये पॅरिसला परिषदेने तेच केलं जे कमिट्या करतात, दोन्हीतलं थोडं थोडं घेऊन १३९ नावांची तिसरीच यादी केली. ती फारशी कुणी वापरली नाही. मग १८९३ मध्ये शिकागोला झाक बर्तियाँ या फ्रेंच माणसाने पॅरिस शहराच्या यादीवरून तयार केलेली यादी मांडली आणि ती चालली. (विवेकानंद शिकागोला गेले तेच वर्ष. आणि गुन्हेगारांची मापं घेऊन ओळख पटवायची पद्धत काढणारे अल्फाँस बर्तियाँ हे याच बर्तियाँचे भाऊ. एक भाऊ माणसांची मापं घेतो, दुसरा मरणांची. घरी जेवताना काय बोलत असतील!) १९०० साली पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय सुधारणा झाली, १७९ गट, आणि साधारण दर दहा वर्षांनी नवी आवृत्ती काढायचं ठरलं. आज आपण आयसीडी-१ म्हणतो ती ही.

आता प्रश्न असा, की हे लोक शिकागो-पॅरिसला याद्या करत होते तेव्हा मुंबईत मेलेल्या माणसाचं कारण कोण लिहीत होतं?

मुंबई शहरात मृत्यूंची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होत होती. नोंद व्हायची मुख्यतः स्मशानात आणि दफनभूमीत. तिथला कारकून प्रेत घेऊन आलेल्या नातेवाइकांना विचारायचा, कशाने गेले? ते सांगतील ते वहीत. डॉक्टरने तपासलेला माणूस असेल तर ठीक, पण असे थोडे. आणि मग आलं १८९६ साल.

त्या सप्टेंबरात मांडवीत दवाखाना चालवणाऱ्या डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी एका रुग्णाच्या गाठी आणि ताप बघून निदान केलं, हा प्लेग आहे. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे आणि मुंबई महापालिकेचे सभासद. त्यांनी ते पालिकेत सांगितलं. पुढे धोबीतलावाला त्यांचा पुतळा उभारला गेला, पण तेव्हा त्यांचं म्हणणं लगेच कुणाला हवं होतं असं नाही. हे साहजिकच होतं. 'प्लेग' हा शब्द उच्चारला की बंदरातून जाणारा माल अडणार, जहाजांना परदेशात क्वारंटाइन लागणार. एका शब्दावर शहराचा सगळा व्यापार अडकलेला. 'ब्युबॉनिक फीवर' म्हणजे गाठीचा ताप म्हटलं की जरा सौम्य वाटतं. मराठीत त्या रोगाला 'ग्रंथिक सन्निपात' असं भारदस्त नाव मिळालं. रोग एकच, नावं तीन, आणि प्रत्येक नावाचे परिणाम वेगळे.

मग सक्ती आली. रुग्ण हॉस्पिटलात, घरचे विलगीकरणात, घराचं निर्जंतुकीकरण, सामानाची जाळपोळ. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड हॉस्पिटलवर हल्ला केला. (तेच आजचं कस्तुरबा. २०२० मध्ये मुंबईतले कोविडचे पहिले रुग्ण जिथे ठेवले ते.) अशा वातावरणात स्मशानातला कारकून विचारतो, कशाने गेले? तुम्ही असतात तर काय सांगितलं असतं? खरं सांगितलं तर उद्या घरी पथक येणार. लोक म्हणाले ताप. लोक म्हणाले खोकला. वहीत प्लेगच्या रकान्यात जेवढे मृत्यू दिसत होते त्याच्यापेक्षा एकूण मृत्यू कितीतरी वाढलेले होते आणि तापासारख्या जुन्या, निरुपद्रवी रकान्यांमध्ये अचानक गर्दी झाली होती. हे त्या काळच्या अधिकाऱ्यांनाही दिसत होतं. त्यांनी हिशोब असा केला, की आधीच्या वर्षांची त्याच आठवड्यांची सरासरी काढायची, यंदाच्या एकूण मृत्यूंतून ती वजा करायची, उरेल तो साथीचा खरा आकडा समजायचा. कोविडच्या काळात 'एक्सेस मॉर्टॅलिटी' म्हणून जो शब्द आपण रोज ऐकला तो हिशोब हाच. लेबलवर विश्वास नसेल तर एकूण ओळी मोजा. कुठलाही डेटावाला हेच करेल.

ही झाली शहराची गोष्ट. नाहूरचं काय? १८९६ मध्ये नाहूर मुंबईत नव्हतंच. ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातलं ते एक खेडं. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे १८५३ पासून इथून जात होती, पण गावासाठी ती थांबायची नाही (स्टेशन व्हायला एकविसावं शतक उजाडलं!). मांडवीपासून अंतर पंचवीस-तीस किलोमीटर, पण मृत्यूच्या नोंदीपुरतं बघितलं तर दुसरंच जग. इथे स्मशानात कारकून नाही, गावचा पाटील कळवणार. आणि त्याच्यापुढे रोगांची लांब यादी नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या खेड्यांच्या आकडेवारीत मोजून पाच-सहा रकाने असायचे. पटकी, देवी, ताप, हगवण-आमांश, दुखापती, आणि इतर सर्व कारणे. प्लेगचा रकाना साथीनंतर वाढवला. आपल्या भाषेत सहा व्हॅल्यूंचा एनम, त्यातली एक 'अदर्स'.

पाटलाला दोष देण्यात अर्थ नाही. पटकी त्याला कळायची, देवी तर बघणाऱ्या कुणालाही कळायची. बाकी ज्याचं अंग मरण्याआधी तापलं होतं तो तापात. मलेरिया ताप, टायफॉइड ताप, न्यूमोनिया ताप, बाळंतपणानंतरचा ताप तोही ताप. क्षयाचा माणूसही शेवटी तापानेच तर फणफणायचा. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त या एका रकान्यात पडायचे. पाटील खोटं लिहीत नव्हता. फॉर्म बनवणाऱ्याने त्याला जेवढे शब्द दिले तेवढ्यात तो खरं लिहीत होता.

या रकान्याची खरी परीक्षा १९१८ साली झाली. जूनमध्ये मुंबईच्या गोदीतून इन्फ्लुएन्झा आला, पावसाळ्यात जरा थांबला आणि सप्टेंबरात परत उसळला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. शहरात निदान 'इन्फ्लुएन्झा' हा शब्द लिहिणारे डॉक्टर होते. खेड्यात तो रकानाच नव्हता. जे गेले ते बहुतेक तापात गेले. मुंबई इलाख्यात या साथीत दहा लाखांहून जास्त माणसं मेली असा जो अंदाज आहे, तो कुणी 'इन्फ्लुएन्झा' लिहिलेल्या ओळी मोजून काढलेला नाही. तो तापाचा रकाना नेहमीपेक्षा किती फुगला ते मोजून काढलेला आहे. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी किंचित घटलेली दिसली. असं एकमेव दशक. एवढी मोठी घटना, आणि तिचं नाव खेड्यांच्या नोंदवह्यांत जवळजवळ नाहीच.

म्हणूनच म्हणतो की मॅपिंग टेबलचा इथे उपयोग नाही. १९१८ च्या 'ताप' चं आयसीडी-१० मध्ये भाषांतर करायचं तर कुठल्या कोडमध्ये करणार? मलेरियात? इन्फ्लुएन्झात? टायफॉइडमध्ये? जी माहिती घेतानाच घेतली नाही ती नंतर कन्व्हर्ट करून येत नाही.

आता दुसरा मुद्दा, अनेक कारणांमधून एक निवडण्याचा. हा मला स्वतःला सगळ्यात आवडतो, कारण यात कोडची यादी हलली नाही तरी आकडे हलतात.

समजा एक सत्तरीचे आजोबा आहेत. वीस वर्षं मधुमेह. बाथरूममध्ये पाय घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं. दोन महिने अंथरुणात. न्यूमोनिया झाला आणि गेले. कशाने गेले? मधुमेहाने, पडल्याने, की न्यूमोनियाने? दुसऱ्या दिवशी पेपरात येईल 'अल्पशा आजाराने निधन'. मराठी पेपरांतल्या निधनवार्ता ही खरं तर आपली घरगुती आयसीडीच आहे. 'अल्पशा आजाराने', 'प्रदीर्घ आजाराने' (हे वाचलं की आई हळूच म्हणते, कॅन्सर असणार), 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने', 'वृद्धापकाळाने', आणि सगळ्यात लाडकं 'हृदयक्रिया बंद पडल्याने'. या शेवटच्यावर डॉक्टरमंडळी वैतागतात. हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय आजवर कोण मेलंय? ते मरण कसं आलं त्याचं वर्णन आहे, कारण नव्हे. पण मृत्यूच्या दाखल्यांवरही 'कार्डिॲक अरेस्ट' सर्रास सापडतं, आणि असं लिहू नका हे डॉक्टरांना सूचनापत्रकांतून पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

१९४८ पर्यंत 'एक कारण निवडा' चे नियम देशोदेशी वेगळे होते. अमेरिकेत तर कुठला रोग कुठल्या रोगापेक्षा वरचढ याचं एक पुस्तकच होतं. दाखल्यावर दोन रोग असतील तर पुस्तक उघडायचं आणि जिंकलेला रोग लिहायचा. १९४८ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती हातात घेतली आणि नियम बदलला. आता डॉक्टरने साखळी लिहायची. शेवटी काय झालं, ते कशामुळे, ते कशामुळे. साखळीच्या मुळाशी जे असेल ते मूळ कारण, आणि मोजायचं तेच. आपल्याकडे १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली डॉक्टर जो फॉर्म भरतात (हॉस्पिटलात नमुना ४, घरी मृत्यू झाला तर नमुना ४-अ) त्यात हीच साखळी आहे. गंमत बघा, जुन्या अमेरिकन पुस्तकात मधुमेह बऱ्याच रोगांवर वरचढ होता. पुस्तक गेलं आणि पुढच्याच वर्षी तिकडचे मधुमेहाचे मृत्यू एकदम खाली आले. औषध नवीन नव्हतं. इन्सुलिन तर १९२२ पासून होतं. नियम नवीन होता.

अमेरिकेत मृत्यूच्या दाखल्यांसाठी आयसीडी-१० १९९९ सालीच आलं. (बिलांसाठी यायला आणखी सोळा वर्षं गेली, कारण बिलात पैसे असतात आणि प्रत्येक तारखेला कुणीतरी मुदतवाढ मागतो.) त्या वेळी तिथल्या आकडेवारी खात्याने एक काम केलं, ते बघून मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. १९९६ सालचे तेच दाखले त्यांनी दोन्ही आवृत्त्यांनी कोड करून बघितले. शुद्ध पॅरलल रन. निकाल असा, की नवव्या आवृत्तीने न्यूमोनिया-इन्फ्लुएन्झाचे १०० मृत्यू धरले तर दहाव्या आवृत्तीने ७० च धरले. अल्झायमरचे १०० धरले तर दहावीने १५५. कागद तेच, मेलेली माणसं तीच. न्यूमोनिया बहुतेकदा दुसऱ्या आजाराच्या शेवटी होतो हे नव्या नियमांनी जास्त उदारपणे मान्य केलं, आणि अल्झायमर प्रकारचा स्मृतिभ्रंश जो आधी म्हातारपणच्या भ्रंशात मोजला जाई तो अल्झायमरमध्ये आणला. ही गुणोत्तरं माहीत नसलेला माणूस १९९८ आणि १९९९ चे आकडे शेजारी ठेवून 'अल्झायमरची साथ' असा अग्रलेख सहज लिहू शकतो.

कधी कधी तर रोग एका प्रकरणातून उचलून दुसऱ्या प्रकरणात ठेवतात. पक्षाघात सातव्या आवृत्तीपर्यंत मज्जासंस्थेच्या प्रकरणात होता. आठवीत (१९६५) तो रक्ताभिसरणाच्या प्रकरणात गेला, कारण बिघाड रक्तवाहिनीत होतो. अकराव्या आवृत्तीत मेंदूच्या डॉक्टरांनी भांडून तो परत मज्जासंस्थेत आणला. म्हणजे फार आणि देस्पीन यांचं भांडण, जागेवरून लावायचं की स्वभावावरून, ते अजून मिटलेलं नाही.

आणि कधी ओळ डिलीट होते. नवव्या आवृत्तीत ३०२.० हा कोड समलैंगिकतेला होता, मानसिक विकारांच्या प्रकरणात. १७ मे १९९० रोजी जागतिक आरोग्य सभेने दहावी आवृत्ती मंजूर केली, त्यात तो निदान म्हणून राहिला नाही. त्या दिवशी जगातले कोट्यवधी लोक कुठलंही औषध न घेता बरे झाले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधला तो भाग रद्द केला ६ सप्टेंबर २०१८ ला. व्हर्जन आणि कायदा यांच्यात अठ्ठावीस वर्षांचं अंतर.

आता परत मुंबईत. २०२० च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेने दहाव्या आवृत्तीत कोविडसाठी तातडीचे दोन कोड उघडले. यू०७.१ म्हणजे चाचणीत विषाणू सापडला. यू०७.२ म्हणजे लक्षणांवरून कोविड वाटतोय पण चाचणी नाही किंवा खात्री नाही. आपल्या 'आयसीएमआर' ने मे २०२० मध्ये डॉक्टरांसाठी सूचना काढल्या. कोविडने गेलेल्या माणसाला मधुमेह, दमा असले तरी मूळ कारण कोविडच लिहा, जुने आजार दुसऱ्या भागात लिहा, आणि नुसतं 'न्यूमोनिया' लिहून थांबू नका. म्हणजे १९४८ चाच नियम पुन्हा समजावून सांगितला. १६ जून २०२० ला महाराष्ट्राने नोंदींचा ताळमेळ घातला आणि एका दिवसात १,३२८ जुने मृत्यू कोविडच्या आकड्यात आले. त्यातले ८६२ एकट्या मुंबईचे. आयसीडीचं व्हर्जन तेच, फॉर्म तोच. तरी ग्राफवर कडा आली, आणि ती कडा १८९६ च्या कडेसारखीच आहे हे बघून अंगावर काटा येतो.

फरक एवढाच की या वेळी लोकांना उलट हवं होतं. १८९६ मध्ये घरच्यांना प्लेग लिहून घ्यायचा नव्हता. २०२१ मध्ये घरच्यांना कोविड लिहून हवा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने कोविडने गेलेल्याच्या कुटुंबाला ५०,००० रुपये द्यायचं ठरवलं, आणि मग प्रश्न आला दाखल्याचा. कित्येकांच्या दाखल्यावर न्यूमोनिया किंवा हार्ट अटॅक. शेवटी ठरलं की चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत गेलेला माणूस कोविडचा धरायचा, हॉस्पिटलबाहेर गेला तरी, आणि ४ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशात न्यायालयाने सांगितलं की दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही एवढ्याच कारणावरून पैसे नाकारू नका. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयापुढे आलेल्या माहितीत महाराष्ट्राचे अधिकृत कोविड मृत्यू १,४१,७३७ होते आणि मदतीसाठीचे अर्ज २,१३,८९०. सगळेच अर्ज पात्र नव्हते, काही दुबारही असतील. पण नोंदवही आणि घरं यांच्यात अंतर किती होतं याचा अंदाज येतो.

एक गोष्ट मात्र अजिबात विसरून चालत नाही. हे सगळं कोडिंग होतं ते डॉक्टरने कारण लिहिलं असेल तर. २०२० साली देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी फक्त साडेबावीस टक्के मृत्यूंना असं वैद्यकीय कारण होतं. गोव्यात शंभर टक्के. (व्हिएगसांच्या गावाचा मान राहिला म्हणायचं.) बाकी देशात चारातल्या तिघांचं कारण अजून पाटलाच्याच पातळीवर आहे असं म्हटलं तर फार चुकणार नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सगळ्या वैद्यकीय संस्थांना कारणाचा दाखला देणं आणि त्याची प्रत नातेवाइकांना देणं बंधनकारक केलं आहे. तुमच्यावर वेळ आली तर ती प्रत मागून घ्या आणि वाचा.

आयसीडी-११ जागतिक आरोग्य सभेने मे २०१९ मध्ये मंजूर केलं, १ जानेवारी २०२२ पासून ते अधिकृतपणे लागू झालं. त्यातही एक भांडण झालं, आणि ते आपल्या निधनवार्तांशी जुळणारं आहे. 'वृद्धापकाळाने'. दहाव्या आवृत्तीत त्याला आर५४ कोड होता. अकराव्यात 'ओल्ड एज' असं नाव ठेवणार होते, तर म्हातारपण हा आजार आहे का म्हणून जगभरातून ओरड झाली, आणि तिथे 'वयाशी निगडित अंगभूत क्षमतेतली घट' असं लांबलचक नाव आलं. त्याच २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ गेली. तिच्या मृत्यूच्या नोंदीत कारण काय? ओल्ड एज. शब्द तेच दोन.

१० जानेवारी २०२४ ला दिल्लीत अकराव्या आवृत्तीचा आणखी एक भाग जाहीर झाला, आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीच्या निदानांचे कोड. यावर दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलणारे लोक आहेत, त्यात मी पडत नाही. मला त्यातली एक तळटीप महत्त्वाची वाटते. पारंपरिक वैद्यकाच्या या प्रकरणातले कोड ऐच्छिक आहेत, सोबत नेहमीच्या यादीतला कोड लावायचा आहे, आणि मृत्यूच्या नोंदीसाठी हे प्रकरण नाही. म्हणजे १८९६ मधला मांडवीचा तो रुग्ण आज आला तर त्याच्या केसपेपरवर सन्निपाताचा कोडसुद्धा लागू शकेल, नमुना ४ वर मात्र प्लेगच लिहावा लागेल. प्लेग प्रत्येक आवृत्तीत टिकून आहे. नवव्यात ०२०, दहाव्यात ए२०, अकराव्यात १बी९३.

आणि नाहूरच्या पाटलाने वर कळवलेला तो नुसता ताप? तो रकानाही आहे अजून. दहाव्यात आर५०, अकराव्यात एमजी२६, 'इतर किंवा अज्ञात कारणाचा ताप'. मृत्यूच्या आकडेवारीवर काम करणारे लोक अशा कोडना 'गार्बेज कोड' म्हणतात आणि हिशोबाच्या वेळी ते इतर आजारांमध्ये वाटून टाकतात.